नळाखालचा तांब्या

नाशिकचा फ्लॅट विकायला काढला, तेव्हा बघायला येणाऱ्या प्रत्येकाला बायको दारातच बजावायची, "बाल्कनीतला मोगरा आम्ही नेणार आहोत हं." लोक होकायंत्र काढायचे, भिंती ठोकून बघायचे. माझं डोकं फिरायचं.

एकदा मनमाडहून रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. ओट्यावरचा नळ ठिबकत होता. मी ओशाळलो. त्यांनी मात्र न विचारता तांब्या उचलून नळाखाली ठेवला.

"मनमाडचा आहे हो मी. आम्हाला गळका नळसुद्धा श्रीमंती वाटते."

खोल्या पाहून, चहा पिऊन ते निघाले. घातलेल्या चपला पुन्हा काढून आत गेले आणि तांब्यातलं पाणी मोगऱ्याला घालून आले.

ते जिना उतरल्यावर बायको म्हणाली, "घर यांनाच देऊ. आणि मोगरा राहू दे इथंच."