नाव बदलण्याचं कारण

सरकारी कागदांप्रमाणे माझी बायको म्हणजे दोन बायका आहेत. एक माझ्याबरोबर इथे पंजाबात, झिरकपूरला पाचव्या मजल्यावर राहते. दुसरी लग्नाआधी मनीमाजऱ्यातल्या सायकलच्या घंट्यांच्या कारखान्यात नोकरीला होती आणि तीन वर्षांनी एकाएकी गायब झाली. पोलिसात तक्रार नाही, काही नाही.

माझे सासरे लष्करात. बदली होऊन इथे आले आणि इथलेच झाले. मुलगी हुशार निघाली म्हणून त्यांनी तिला कारखान्यात तपासनीस म्हणून चिकटवली. काम काय, तर तयार झालेली प्रत्येक घंटी एकदा वाजवून बघायची. दिवसाला पाच हजार. तिचा उजवा अंगठा आजही डाव्या अंगठ्यापेक्षा दीड इंच लांब आहे. कोणी बघायला मागितला तर ती दाखवत नाही, एवढंच.

कारखाना बंद पडला, घंट्या वाजायच्या थांबल्या, पण तिच्या पगारातून कापलेला पीएफ सरकारकडे तसाच पडून राहिला. हे आम्हाला कळलं गेल्या वर्षी. आमची मुलगी मोहालीला कॉम्प्युटरवर काम करते. आईच्या जुन्या कागदांत एक पिवळी पावती सापडली, तिच्यावरचा नंबर मुलीने पीएफच्या साइटवर सहज टाकून बघितला.

“मम्मा, आपका पैसा पड़ा है यार! किसीने क्लेम ही नहीं किया!”

रक्कम मी सांगत नाही, नातेवाईक वाचतात. बायकोने चष्मा लावला, आकडा बघितला, चष्मा काढला आणि जाहीर केलं, “मी स्कूटी घेणार. जुनी का होईना.”

“अगं, मी सोडतो ना तुला सगळीकडे.”

“सोडता. आणि सोडताना रस्ताभर मी कुठे कुठे जाते ते मोजता.”

यात अतिशयोक्ती होती. मी फक्त पेट्रोल मोजत असे. पण तीस वर्षांत या बाईने माझ्याकडे स्वतःसाठी एवढ्या सरळ आवाजात काही मागितलं नव्हतं, आणि आताही ती माझ्याकडे मागत नव्हतीच. पैसे तिचे होते. ते मिळतात की नाही, एवढाच प्रश्न होता.

पीएफच्या कचेरीतले सरदारजी सज्जन माणूस. त्यांनी जुनी पावती एका हातात धरली, बायकोचं आधार कार्ड दुसऱ्या हातात, आणि टेनिसची मॅच बघावी तशी मान हलवत राहिले.

“बहनजी, सरनेम तो सबका बदलता है. बाप की जगह पति का नाम, वो भी समझ गया. पर ये पहलेवाला नाम? ये तो कोई और ही औरत है जी!”

“आमच्याकडे,” मी हिंदीत समजावलं, “लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात नवीन नाव लिहितो.”

“चावल पे?”

“हां जी.”

“वो चावल कहाँ है?”

“पका के खा लिये.”

सरदारजींनी पेन खाली ठेवलं. “मतलब सबूत खा गये.”

शेजारच्या तिन्ही टेबलांवरचं काम थांबलं. एक बाई खुर्चीसकट जवळ सरकल्या. शेवटी सरदारजींनीच वाट काढली. दोघांनी शपथपत्र द्यायचं, या दोन बायका एकच आहेत म्हणून. आणि नाव कोणी बदललं, का बदललं, हे स्वच्छ लिहायचं.

बाहेर झाडाखाली शपथपत्रं टाइप करणारा एक म्हातारा बसतो. याने टाइप केलेल्या शपथांवर निम्मा पंजाब उभा आहे. त्याचे हात भराभर चालले होते, ते एका रकान्यापाशी अडले.

“नाम बदलने का कारण? बोलो अंकल जी.”

मी आभाळाकडे बघितलं. या प्रश्नाचं उत्तर मी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं दिलेलं होतं. बायकोला पहिल्या दिवाळीला सांगितलं होतं, की हे नाव देवीने स्वप्नात येऊन दिलं. सासऱ्यांना सांगितलं, की अंकशास्त्रात बसतं. मुलीला सांगितलं, की हवाई दलात असताना बर्फात अडकलो होतो, तेव्हा समोरच्या शिखरावर ही अक्षरं उमटलेली दिसली.

“देवीचं सांगा ना,” बायको म्हणाली. तिला ते खरं वाटत होतं. त्या नावाला ती दर नवरात्रात हळदकुंकू वाहते.

“सोच के, अंकल जी,” म्हातारा म्हणाला. “झूठ लिखा तो जेल. नीचे छपा हुआ है.”

पेन्शनर माणूस. मी घाबरलो आणि खरं बोललो.

आईने नाव ठरवलं होतं. मला चार वेळा पाठ करून घेतलं होतं. पण ताट पुढे आलं, बँड सुरू झाला, दोनशे माणसं माझ्या बोटाकडे बघायला लागली, आणि डोकं कोरं. ताट मोठ्या काकूचं. काकूच्या घरातलं भांडं कधी हरवत नसे, कारण चमच्यापासून घंगाळापर्यंत सगळ्यावर तिचं नाव कोरलेलं. तांदूळ पातळ पसरलेले, खालून अक्षरं दिसत होती. मी ती गिरवली.

बायको माझ्याकडे वळली.

“मोठ्या काकू. माझ्या माहेरच्या लाडवांना गोफणीचे दगड म्हणाल्या त्या?”

“हो.”

“आणि तुमच्या आई?”

“आईला वाटलं, मी मुद्दाम केलं. ती काकूशी दोन वर्षं बोलली नाही.”

“तीस वर्षं मी त्या बाईच्या नावाला ओ देतेय.” मग ती म्हाताऱ्याकडे वळली. “लिखो भैयाजी. कारण, पति की गलती.”

“इतना ही?”

“बड़ी गलती.”

म्हाताऱ्याने तसंच टाइप केलं. सरदारजींनी ते कचेरीत मोठ्याने वाचलं. जागेवर नसलेल्यांना बोलावून आणून पुन्हा वाचलं. मग असा शिक्का मारला, की टेबलावरचा चहा उडाला. “बहनजी, इतना साफ कारण आज तक किसीने नहीं दिया,” ते म्हणाले. महिन्याभरात पैसे तिच्या खात्यात आले.

स्कूटी निळी आहे, दोन मालकांनी वापरलेली. पहिल्या दिवशी ती एकटीच निघाली. कुठे, ते मी विचारलं नाही. ती खाली पार्किंगमध्ये गाडी वळवत होती. मी गॅलरीतून नेहमीच्या नावाने हाक मारली. ती वळली नाही. पुन्हा मारली. पाचव्या मजल्यावरून माझी हाक एरवी पंचवीस किलोमीटरवरच्या कालक्यापर्यंत जाते.

मग मी तिचं पहिलं नाव घेतलं. हे नाव मी पावतीवर, शपथपत्रावर वाचलं होतं. तोंडाने कधी उच्चारलं नव्हतं.

तिने लगेच मान वर केली. “काय हवंय?”

मला काहीच नको होतं.

“हेल्मेट,” मी म्हणालो.

“डोक्यावर आहे,” ती म्हणाली, आणि फाटकातून बाहेर पडली.