पायरी काढली, सीट दिली

आमच्या देऊळघाटच्या मोटारमालकाला रंगाची अक्कल नव्हती, हे आधीच सांगून टाकते. अक्कल त्याला इतर बाबतींतही बेताचीच होती, पण रंगाच्या बाबतीत ती चव्हाट्यावर आली. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. सरकार आता खाजगी मोटारी बंद करून सगळे रस्ते आपल्याकडे घेणार अशी आवई उठली होती, आणि त्याआधी कुणी साहेब गाड्या तपासायला येणार म्हणे. दुसऱ्या कुणी अशा वेळी इंजिन दुरुस्त केलं असतं, गळका टप बुजवला असता. ह्याने पेंटर बोलावला.

तीन मोटारींचा त्याचा ताफा. तिन्हींचा मूळ रंग कोणता, ते खुद्द त्यालाही सांगता आलं नसतं. वर्षानुवर्षांची धूळ आणि टपावर बांधलेल्या कोंबड्यांची कृपा मिळून जो होतो, तो रंग. त्यावर आता खिडक्यांच्या खाली गडद हिरवा, वर साईसारखा पांढरा आणि अगदी तळाला वीतभर रुंद लाल पट्टा आला. मागच्या बाजूला दोन मोर आले. मोर म्हणजे पेंटरचं म्हणणं. मला ती बदकं वाटली आणि आजही वाटतात. मालक मात्र दिवसातून तीनदा मागे जाऊन ती बघून यायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा.

मी हसून सोडून दिलं असतं. पण माझी नोकरी त्या मोटारीवर चालत होती.

मी तीन वर्षांची असताना ताप आला आणि डावा पाय वाळला. लग्नाच्या बाजारात माझा भाव नाही हे घरच्यांनी लवकर ओळखलं, म्हणून मला शिकू दिलं. उपकार वगैरे काही नव्हते, दुसरं काही करता येत नव्हतं इतकंच. मी सातवी झाले, ट्रेनिंग केलं आणि बुलढाण्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. आमचं घर माळवं पिकवणारं. वडील वांगी-मिरची करायचे आणि घरात थोरल्या भावाचं चालायचं. त्याने नोकरीला हो म्हटलं, पण एका अटीवर. माझ्यासमोर आईला सांगितलं, "जाऊ दे. पण मोटारीत तिले कोणी गडी माणसानं उचलून चढवलं, असं माह्या कानावर आलं का त्या दिवशी नोकरी बंद. घरची पोरगी परक्याच्या हातात द्यायची नाही मले."

मला ती अट त्या वेळी योग्यच वाटली होती. भाऊ माझी अब्रू जपतो आहे असं मी समजत होते.

अडचण एवढीच की मोटारीची पहिली पायरी माझ्या मांडीपर्यंत यायची. मग गावच्या सुताराने बाभळीच्या फळ्यांची दोन टप्प्यांची एक पायरी करून दिली. तिला वर दोन लोखंडी आकडे होते, आणि मोटारीच्या दाराखाली दोन कड्या ठोकून घेतल्या. कंडक्टर साठीच्या घरातला होता. मोटार थांबली की तो उतरायचा, पायरी कड्यांना अडकवायचा आणि पाठ फिरवून टपावरच्या सामानाकडे बघत उभा राहायचा. मी चढले की काढून आत ठेवायचा. दोन वर्षांत त्याने मला एकदाही हात देऊ केला नाही, की एकदाही वळून पाहिलं नाही. एवढी सभ्यता मला पुढे शिकल्यासवरल्या लोकांतही फारशी भेटली नाही.

गावाने तिचं नाव 'लंगडीची पायरी' ठेवलं. नाव ठेवणारे सगळे तिच्यावरूनच चढायचे. गुडघे गेलेले म्हातारे चढायचे, पोटुशा बाया चढायच्या, मालकाची स्वतःची आईसुद्धा चढायची. वर चढून झालं की हसायचे.

रंगाचं काम आठ-दहा दिवस मालकाच्या वखारीत चाललं, माझी मोटार सगळ्यांत शेवटी आत गेली. रविवारी संध्याकाळी मी तिकडून जात होते, तर पेंटर माझ्या पायरीवर उभा राहून आतल्या पत्र्यावर अक्षरं काढत होता. पायरीवर हिरवे-पांढरे ओघळ आले होते. मला राग आला, पण मनात म्हटलं, वापरू दे, काम झालं की ठेवील जागेवर. दुसऱ्याच्या अकलेवर विसंबण्याची चूक मी फार कमी वेळा केली आहे. ही त्यातली एक.

सोमवारी सकाळी स्टँडवर मोटारीची पूजा होती. अख्खं गाव लोटलं होतं. बोनेटला झेंडूचे हार, चाकाखाली लिंबू, लाउडस्पीकर, आणि बुलढाण्याहून आणलेले एक निवृत्त तहसीलदार प्रमुख पाहुणे. मोटार रंगवली म्हणून प्रमुख पाहुणा बोलावणारं दुसरं गाव मला माहीत नाही. नारळ फुटला, भाषण झालं. मालक म्हणाला की आपल्या मोटारीत आता शहरासारखी सोय केली आहे. मग त्याने माझ्याकडे बोट दाखवलं आणि लाउडस्पीकरवरून सांगितलं की मास्तरीणबाईंसाठी पुढची सीट राखून ठेवली आहे, तसं आत अक्षरांत लिहिलं आहे, आणि बाईंनीच आधी चढून गाडीचं उद्घाटन करावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ तिथंच उभा होता, धुतलेला सदरा घालून.

मी दाराशी गेले. कड्या नव्हत्या. जिथे कड्या होत्या तिथे तो लाल पट्टा सरळ गेला होता, अजून ओलसर चमकत होता. मी कंडक्टरकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली आणि पुटपुटला, "कड्यानं पट्टा तुटून राह्यला होता, म्हणून शेठनं लोहाराले कापून टाकाले सांगतलं."

पट्टा तुटतो म्हणून. मला त्या क्षणी काय वाटलं ते सभ्य भाषेत लिहिता येणार नाही. मी मालकाला विचारलं, "शेठ, पायरी कुठं आहे?"

तो खरोखर चकित झाला. इतका, की त्याचा राग करणंही अवघड होतं. "टाकली सरपणात. आता पायरी कशाले पाहिजे, बाई? आता तर तुमच्यासाठी सीटच केली ना."

म्हणजे ज्या पायरीवरून मी त्या सीटपर्यंत पोचणार होते, तिच्यावर उभं राहून पेंटरने ती सीट माझी असल्याचं लिहिलं, आणि मग पायरी सरपणात टाकली. हे एका माणसाचं काम नव्हतं. मालक होता, पेंटर होता, लोहार होता, बघायला रोज दहा जण येत होते. एकाच्याही डोक्यात आलं नाही. सगळे अक्षरांकडे बघत होते.

आता गर्दीतून दयाळू माणसं निघाली. अशी माणसं नेमकी अशाच वेळी निघतात. चार गडी बाह्या सरसावून पुढे आले, कुणी खुर्ची आणा म्हणालं, कुणी नुसतं काखेत धरून घ्या म्हणालं. लाउडस्पीकरवरून मालक म्हणाला, बाईंना अलगद चढवा. मी भावाकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता आणि त्याचा चेहरा दगडासारखा होता. एका हाताचा स्पर्श झाला असता तर माझी शाळा, माझ्या चाळीस मुली, सगळं तिथंच संपलं असतं. मला ते पक्कं ठाऊक होतं.

मी त्या गड्यांना म्हटलं, मागे सरा. मग मोटारीकडे पाठ केली, दोन्ही हात मागे तिच्या पहिल्या पायरीवर टेकले आणि अंग उचलून तिच्यावर बसले. पाय लोंबत राहिले. तिथून पुन्हा हात मागे टेकून वरच्या फळीवर गेले. मग बसल्या बसल्या सरकत आत. वाळलेला पाय हाताने उचलून आत घ्यावा लागला, तेव्हा लुगडं पोटरीच्या वर सरकलं. लाउडस्पीकर तेवढा खरखरत होता. हाताला आणि लुगड्याला लाल-हिरवा रंग लागला, आणि मालकाच्या पट्ट्यावर माझ्या पंजांचे फराटे उमटले. ते बघून त्याच्या तोंडून हाय निघाली, ती मी ऐकली.

आत राखीव सीटवर प्रमुख पाहुणे येऊन बसले होते. पुढच्या दाराने चढले होते, ड्रायव्हरच्या अंगावरून. सगळ्यांत स्वच्छ सीट ती, मोठ्या माणसाला आणखी कुठे बसवणार? ते डोक्यावरची अक्षरं वाचून खिडकीतून मालकाला म्हणत होते, अक्षर छान काढलंय. 'अपंगांसाठी राखीव'. मी समोर उभी राहिले तरी ते हलेनात.

"वाचून झालं असेल तर उठा," मी म्हणाले.

ते उठले. शाळेत मी अर्धा तास उशिरा पोचले, पण पोचले. उतरतानाही तशीच उतरले.

संध्याकाळी घरी आले तेव्हा भाऊ ओसरीवर बसला होता. मला वाटलं होतं तो काही चांगलं बोलेल. त्याची अट मी त्याच्या डोळ्यांदेखत पाळली होती, सगळ्या गावासमोर. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "काऊन केलं वो असं? सारं गाव पाहून राह्यलं होतं तुह्या पायाकडे. इतके माणसं उभे होते, घेतलं असतं उचलून तर काय बिघडत होतं?"

मी उंबऱ्यात बसले. परक्या माणसाच्या हाताची काळजी त्याला कधीच नव्हती. हा पाय कुणाला दिसू नये, एवढीच होती. दोन वर्षं मी ती माया समजून चालले होते, आणि मालकाला आणि पेंटरला दिवसभर मूर्ख म्हणत होते. मी आत जाऊन लुगडं बदललं. आई घासलेट घेऊन आली आणि लुगड्यावरचे डाग पुसू लागली. मी तिच्या हातातून लुगडं काढून घेतलं आणि तसंच दोरीवर टाकलं.

मंगळवारी सकाळी मी तेच लुगडं नेसले आणि स्टँडवर जाऊन मोटारीकडे पाठ करून उभी राहिले.