पाहुण्यांचे हातमोजे

टोकियोजवळच्या उरायासुतलं आमचं घर दोन खोल्यांचं, पण त्या वर्षांत ते धर्मशाळेसारखं चालायचं. समुद्रात भर घालून वसवलेलं गाव, रस्त्याच्या दोन्ही कडांना झाडं, आणि जगभरातून माणसं जिथे येतात ते मोठं थीम पार्क एका स्टेशनाच्या अंतरावर. पुण्याहून कोणी जपानला निघालं की विमानाच्या तिकिटाआधी आमच्याकडच्या गाद्यांची चौकशी व्हायची. मी नाही म्हणत नसे. कंपनीनं आधी मला पाठवलं होतं, नवरा मागाहून आला, घराच्या करारावर सही माझी. माझ्या माहेरी कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आता त्या शिक्षणाच्या जोरावर सासरची माणसं जपान बघत होती, आणि हे मी मनातल्या मनात दिवसातून दोनदा तरी म्हणून घ्यायचे.

एका दिवाळीनंतर नवऱ्याचे मामा-मामी आले. मामा बँकेतले निवृत्त अधिकारी. फराळाचे डबे आणि ठिकाणांची टाइप केलेली यादी घेऊनच ते उतरले. रोज दोन ठिकाणं बघायची, संध्याकाळी पेनानं टिक मारायची.

चौथ्या दिवशी मी ऑफिसातून आले, तर इमारतीसमोर, कावळ्यांनी कचरा उपसू नये म्हणून टाकतात त्या जाळीखाली एकच पिशवी उरली होती. तिच्यावर स्टिकर: हा कचरा नेता येत नाही. पिशवी पारदर्शक, आतलं बाकरवडीचं पाकीट बाहेरूनच वाचता येत होतं. इमारतीत एक चिनी जोडपं होतं, एक फिलिपिनो बाई होती, बाकी सगळे जपानी. बाकरवडी खाणारे आम्हीच.

मी पिशवी उचलली तोच वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष समोर आले. सत्तरी ओलांडलेले, ताठ. सगळे त्यांना काइचो-सान म्हणत, म्हणजे अध्यक्षसाहेब. त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि वर स्वतःच माफी मागितली. "आमचंच समजावून सांगणं कमी पडलं."

मग थोडं थंडीबद्दल बोलले. मग म्हणाले, "तुमच्याकडे पाहुणे पुष्कळ येतात. गजबज असते. छान."

चार वर्षं जपानी लोकांच्या मीटिंगांत बसले होते मी. कुठलं 'छान' कसलं असतं ते मला कळत होतं.

"वरच्या मजल्यावरचं घर तुमच्या ऑफिसातल्या कुटुंबाला हवंय ना? मालकीणबाईंनी माझं मत विचारलंय." त्यांनी जाळीची घडी घातली. "मी अजून विचार करतोय."

ते घर माझ्या टीममधल्या मुलाला हवं होतं. तीन घरमालकांनी त्याला परदेशी म्हणून नकार दिला होता. बायको आणि आठ महिन्यांचं बाळ पुण्यात बॅगा भरून बसले होते. इथे शब्द मी टाकला होता. आणि तो शब्द आता बाकरवडीच्या पाकिटासकट माझ्या हातात लटकत होता.

घरी येऊन मी वर्तमानपत्र पसरलं आणि पिशवी त्यावर रिकामी केली. चहाचा चोथा, सरबताच्या बाटल्या, लोणच्याची फुटलेली बरणी, सगळं एकात एक. आमची लेक पहिलीत होती. ती जपानीतच ओरडली, मग आजोबांना कळावं म्हणून मराठीत आली. "आजोबा, काच वेगळी! कचरेवाल्या काकांचा हात कापेल ना!"

मामा हसले. "अगं, आम्ही टुरिस्ट माणसं. चार दिवस येणार, पैसे खर्च करणार, जाणार. यांचा फायदाच आहे की."

"फायदा पार्कवाल्यांचा, मामा," मी म्हटलं. "या गल्लीला तुमची फक्त पिशवी मिळाली."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी थांबले नाही. "रविवारी सकाळी आठला सगळी वस्ती मिळून रस्ता झाडते. आजवर मी एकटी जात होते, तेही कधीमधी. आता या घरात जो राहील तो उतरेल. पाहुणासुद्धा."

"म्हणजे व्हिसा काढून आम्ही जपानात झाडू मारायला आलो?" मामांचा आवाज चढला. "आमच्यात रस्त्यावर झाडू कोणी धरला नाही अजून!"

"माझ्या आईनं धरला."

लग्नाच्या वेळी सासरी सांगितलं होतं, मुलीची आई शाळेत असते. सगळ्यांनी परस्पर तिला शिकवणारी बाई करून टाकलं.

"शाळेतच होती ती," मी म्हटलं. "पटांगण झाडायची, संडास धुवायची. त्या पगारावर मी इंजिनियर झाले, आणि त्या इंजिनियरच्या घरात तुम्ही राहताय. यात लपवण्यासारखं काही नाही. तुम्ही कधी विचारलं नाहीत, म्हणून मी सांगितलं नाही."

शेवटचं वाक्य पूर्ण खरं नव्हतं. कोणी विचारू नये असं मलाही वाटत आलं होतं. पण त्या संध्याकाळी आईचं काम एकदाचं तोंडातून बाहेर पडलं आणि मला हलकं वाटलं. मामा आपली यादी उलगडून पेन शोधू लागले. ओट्यापाशी उभ्या मामींनी विचारलं, "रविवारी साडी नेसू का पंजाबी ड्रेस बरा पडेल?"

रविवारी मामी पंजाबी ड्रेस, स्वेटर आणि कानटोपी घालून माझ्याआधी खाली. लेक चिमटा घेऊन बाटल्यांची झाकणं शोधत पळत होती. रस्त्यावर झाडांची पानं गुडघाभर नसली तरी घोटाभर नक्की होती. मी बांबूचा खराटा घेतला, वाऱ्याकडे पाठ केली आणि लांब, सावकाश हात मारत निघाले. आईनं शिकवलं होतं, वाऱ्याशी भांडलं की तेच पान दोनदा झाडावं लागतं.

काइचो-सान जवळ येऊन बघत राहिले. "कुठे शिकलात?"

"आईकडून. ती शाळेत झाडायची. तेच तिचं काम होतं." जपानीत हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलत होते. वाटलं होतं अडखळेन, पण नाही अडखळले.

"हो का?" ते म्हणाले. "तिकडे खराटा बांबूचाच?"

"नारळाच्या हिरांचा."

मग खराट्यावरच बोलणं चाललं. आईबद्दल त्यांना कीव आली नाही, आश्चर्यही वाटलं नाही. दांडा केवढा असतो, एवढंच त्यांना हवं होतं.

वर बघितलं तर मामा गॅलरीत, हाताची घडी घालून. गटाराच्या जाळीतून पानं उपसणाऱ्या एका टकल्या गृहस्थांकडे बोट करून मी हाक मारली, "मामा, ते बघा, तेही बँकेतून रिटायर झालेत! मॅनेजर होते!"

पाच मिनिटांनी मामा खाली होते. इस्त्रीची पँट, पायांत बूट. "बँक?" त्यांनी छातीवर हात ठेवून विचारलं. "बँक!" गटारातून उत्तर आलं. पुढे दोघांत एकही वाक्य पूर्ण झालं नाही, पण हसणं बरंच झालं.

मामा वाकले मात्र नाहीत. "गुडघे," म्हणाले. मंडळानं वाटलेले, त्यांना आखूड पडणारे हातमोजे चढवून पिशवीचं तोंड तेवढं दोन्ही हातांनी ताणून धरलं आणि मामी त्यात पानं ओतत राहिल्या. "नीट धरा हो, सगळं माझ्याच पायावर पडतंय," एवढं मामींनी ऐकवलं. चाळीस वर्षांच्या संसारात तेवढा हक्क त्यांचा होता.

शेवटी सगळ्यांना कागदी कपात गरम चहा मिळाला. काइचो-सान खिशातली वही काढून माझ्याशेजारी उभे राहिले.

"वरच्या घरातल्या कुटुंबाकडेही पाहुणे येतील का?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण ते कोणालाच खरं वाटलं नसतं, मला तर मुळीच नाही.

"येतील," मी म्हटलं. "आजी-आजोबा येतील, काका, मावश्या, त्यांच्या शेजारचेही येतील. आणि रविवारी सगळे खाली उतरतील. मी उतरवेन."

त्यांनी मामांकडे पाहिलं. मामा अजून पिशवी धरून उभे होते. आता तिच्यात काही टाकायचं राहिलं नव्हतं, पण सोडायला कोणी सांगितलं नव्हतं. काइचो-साननी पेनाचं टोपण काढलं.

"मग हातमोजे किती मागवू?" त्यांनी विचारलं. "मोठ्या मापाचे."