हिल्डाबाईंची हाऊजी

हिल्डा ब्रॅमली सरळ बोलत नसत. कुणी मेलं तर त्यानं बादलीला लाथ मारलेली असे. पाऊस जोरात आला की त्यांच्या आकाशातून कुत्री-मांजरं पडत. धीर धरा म्हणायचं तर 'घोडे आवरा'. आम्ही सगळेच इंग्रज, अधूनमधून असं बोलतोच. पण हिल्डाबाईंचं एक वाक्य साधं निघेल तर शपथ. एकदा मी वैतागून विचारलंसुद्धा. लहानपणी सरळ उत्तर दिलं की बाप पट्टा काढायचा आणि पुढे नवराही तसलाच मिळाला, असं म्हणून त्या हसल्या. मी ते त्याच दिवशी विसरलो.

ग्रिम्सबीतल्या गोठवलेल्या माशांच्या कारखान्यात त्या एकवीस वर्षं फोनवर ऑर्डरी घेत. सोमवारी सकाळी आमची बैठक असे. बाई बोलायला लागल्या की संपता संपत नसत, म्हणून मी हाऊजीची तिकिटं हातानं लिहून बाकीच्यांना वाटली. सोळा चौकोन, प्रत्येकात बाईंचा एक वाक्प्रचार. टेबलाखाली खुणा करायच्या, ओळ भरली की खोकायचं. बक्षीस एक चॉकलेट. आठ महिने हे चाललं. बाईंना वाटे, आताशा आपलं बोलणं लोक कान देऊन ऐकतात. सोमवारी त्या केस नीट बसवून, लिपस्टिक लावून येऊ लागल्या. मला त्याची गंमत वाटायची, खोटं कशाला बोलू.

नोव्हेंबरात एका सोमवारी त्या आपणहून उभ्या राहिल्या. गेला महिनाभर आपण हवेच्या खाली आहोत, म्हणाल्या. म्हणजे आजारी. शेजारच्या टेबलावरच्या ग्लेनिसनं खूण केली. डॉक्टरांच्या मते अजून रानाबाहेर पडलेलो नाही, म्हणजे धोका आहेच. दुसरी खूण. वरचा ओठ ताठ ठेवायचा, म्हणजे रडायचं नाही. तिसरी. गुरुवारी इस्पितळात काय ते सांगणार आहेत.

"गोळी दातांत धरायचीच आहे," त्या म्हणाल्या. म्हणजे निमूट सोसायचं. "पण एकटीनं..."

ग्लेनिस खोकली. माल पाठवणारा टेरेन्स फिस्सकन हसला, मग सगळेच हसले. माझं तिकीट मांडीवरून घसरून खाली पडलं. बाईंनी वाकून ते उचललं आणि सोळाच्या सोळा चौकोन वाचले.

"अक्षर तुझं आहे."

"हो."

"मला गुरुवारी सोबत हवी आहे," त्या म्हणाल्या. "कुणीही चालेल. मला फार भीती वाटते."

एकवीस वर्षांत चारचौघांत त्या पहिल्यांदा इतकं साधं बोलल्या, आणि आम्ही सगळे चहाच्या कपात बघत बसलो. टेरेन्स म्हणाला, गुरुवारी गाड्या भरायच्या असतात. ग्लेनिसला आईकडे जायचं होतं. मग बाई माझ्याकडे बघू लागल्या.

मी म्हटलं, "बघतो."

त्यांनी मान हलवली. तिकिटाची नीट घडी घालून माझ्यापुढे ठेवली आणि जागेवर जाऊन फोन उचलला.

त्यानंतर बैठकीत त्या कधी बोलल्या नाहीत. फेब्रुवारीत वारल्या. इस्पितळात त्या दिवशी काय सांगितलं, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही. टॅक्सी करून एकट्याच गेल्या होत्या, एवढं कळलं. त्या गुरुवारी मला सुटी होती. मी घरीच होतो.