कोंडवाड्यातली फाईल

माझा स्वभाव मुळातच संशयी. भाजीवाल्याने तराजू उचलला की माझी नजर त्याच्या करंगळीवर. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवगावकडच्या एका खासगी कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवायचे, तेव्हा या स्वभावाचा मला अभिमानच होता. लॅब सांभाळायची तर डोळ्यांत तेल घालून बसायला हवं, असं मी येईल त्याला ऐकवत असे.

इंटरनेट असलेलं मशीन लॅबमध्ये एकच होतं. मोडेम किरकिरत फोन लावायचा, लागला तर लागला. पोरं मशीनची वाट लावतील म्हणून मी त्यांचा ईमेलचा प्रोग्रॅम एका वेगळ्या फोल्डरमध्ये बंद करून टाकला होता. आतल्या प्रोग्रॅमला बाहेरचं काहीच दिसत नसे. मी आत नेऊन ठेवलं असेल तेवढंच त्याला मिळायचं. पोरं त्याला कोंडवाडा म्हणायला लागली आणि मग मीही तेच म्हणू लागले.

एका सोमवारी कोंडवाड्यातून मेल जाईना. बाहेरून मी स्वतः बसले की सगळं सुरळीत, पोरं आतून करायला गेली की ठप्प. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. कुणीतरी मुद्दाम करतंय, हे मी ठरवूनच टाकलं. कोण, तेही ठरवलं. आमचा लॅब असिस्टंट.

तो तिसगावजवळच्या एका बौद्ध कुटुंबातला, वडील रस्त्याच्या कामावर मजूर. डिप्लोमा करून आलेला, तीन वर्षं तात्पुरत्या ऑर्डरवर. त्याच महिन्यात त्याची कायम होण्याची ऑर्डर निघायची होती. बोलायचा कमी, आणि कमी बोलणारी माणसं मला आधीच खटकतात. मधल्या सुट्टीत सगळे डबे खायला गेले की हा मशीनपाशी. मी आत आले की हातातली छोटी डायरी खिशात. त्यातच गावात नवा इंटरनेटचा क्लास निघाला होता आणि तिथे याचा मित्र शिकवायचा. आमचं मशीन बंद पडलं की पोरं तिकडे जाणार. झालं, माझ्या डोक्यात सगळं जुळलं.

मी त्याला खडसावून विचारलं, तर शांतपणे म्हणाला, "मॅडम, आकडा टाकला की जातंय, नाव टाकलं की अडतंय. त्या कोंडवाड्यातली पत्ते इचारायची फाईल बघा की एकदा."

मशीनं एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. आपण नाव टाईप केलं की मशीन इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला त्या नावाचा आकडा विचारतं. कोणत्या सर्व्हरला विचारायचं, ते एका छोट्या फाईलमध्ये लिहिलेलं असतं. कोंडवाड्यातली ती फाईल मी बसवलेली. हा मला शिकवतो की काय, असं वाटून माझं डोकंच फिरलं.

"माझी फाईल मला माहीत आहे," मी म्हणाले. "तुम्ही मधल्या सुट्टीत काय करता ते सांगा."

"आकडे लिवून ठेवतो, मॅडम."

कसले आकडे, हे मी विचारलंच नाही. पासवर्ड चोरत असणार, असं धरून चालले. त्याच दिवशी प्राचार्यांकडे लेखी तक्रार दिली. 'यंत्रणेत हेतुपुरस्सर बिघाड' असे शब्द वापरले, आणि ते लिहिताना मला बरंसुद्धा वाटलं. प्राचार्यांनी त्याच्याकडून लॅबची किल्ली आणि डायरी काढून घेतली. दोन दिवसांनी डायरी तपासायला माझ्याकडे आली.

चहाचा कप शेजारी ठेवून मी ती उघडली. पानोपानी तारीख, वेळ आणि खाली दोन आकडे. फोन लागला की कंपनी दर वेळी आपल्या दोन सर्व्हरचे आकडे कळवते; ते त्याने रोज टिपले होते. कित्येक महिने तेच दोन आकडे. त्या सोमवारपासून मात्र दोन्ही वेगळे. पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बाहेर बदलले. आत जुनेच? मॅडमना विचारणे.'

चहा तसाच राहिला. कोंडवाड्याबाहेर मशीनने नवे आकडे आपोआप घेतले होते. कोंडवाड्यात होती ती मी कधीकाळी नेऊन ठेवलेली प्रत, आणि ती कुणीच बदलली नव्हती. आतला प्रोग्रॅम बंद झालेल्या सर्व्हरना पत्ते विचारत बसला होता. मी नवी प्रत आत टाकली आणि दोन मिनिटांत मेल गेली.

मी तडक प्राचार्यांकडे गेले. तक्रार मागे घेते म्हणाले.

"कागद संस्थेकडे गेला की, मॅडम," ते म्हणाले. "यंदा कायम करायच्या यादीतनं त्याचं नाव काढलंय त्यांनी. आता पुढच्या वर्षी बघू."

मी बरीच भांडले. चूक माझी आहे, असं लिहूनही दिलं. त्यांनी तो कागद वाचला आणि फायलीला लावला.

तो लॅबच्या बंद दारापाशी उभा होता. मी डायरी परत केली, यादीचं सांगितलं, माफी मागितली. त्याने डायरी खिशात ठेवली.

"मॅडम, एक इचारू? माझ्यावरच का आला संशय?"

"किल्ली तुमच्याकडे असते म्हणून."

"किल्ली तर वर्कशॉपच्या सरांकडं बी हाय. ते बी येत्यात मशीनवर बसाया. त्यांना इचारलं का?"

विचारलं नव्हतं. ते सर आमच्या कर्जतकडचे, आमच्याच जातीतले, आमच्यासारख्याच जमीनजुमल्याच्या घरातले. त्या सगळ्या दिवसांत त्यांचं नाव एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. का आलं नव्हतं, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

तो बाजूला सरकला आणि म्हणाला, "दार उघडता का, मॅडम? पोरांचा तास हाय."