दारातून बर्फावर उतरणारा पोरगा

मला स्केटिंग येत नाही. पन्नाशी उलटली, अमेरिकेत येऊन वीस वर्षं झाली, त्यातली सात एका व्यावसायिक आइस हॉकी संघाच्या नोकरीत गेली, पण बर्फावर मी साधे बूट घालूनही धड उभा राहू शकत नाही. त्याआधी कॅरी नावाच्या गावी एका औषध कंपनीचा डेटा सांभाळत होतो. संघाला आकडे कळणारा माणूस हवा होता, आणि मला गोळ्यांच्या आकड्यांचा कंटाळा आला होता, इतकंच.

आमचा संघ दर उन्हाळ्यात युरोपातली अठरा-एकोणीस वर्षांची काही पोरं ड्राफ्टमध्ये, म्हणजे सगळ्या संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू वाटून घ्यायच्या बैठकीत, निवडतो. निवडलं म्हणजे घेतलं असं नव्हे. पोरं आपापल्या देशात परत जाऊन खेळत राहतात, आणि ठरल्या मुदतीत करार केला नाही तर संघाचा त्यांच्यावरचा हक्क सुटतो. तोवर त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, ते माझं काम. प्रत्येकाच्या प्रत्येक सामन्याचा व्हिडिओ मी बघतो. खेळाडू बर्फावर उतरल्यापासून बाकावर परत येईपर्यंतच्या पाऊण मिनिटाला शिफ्ट म्हणतात. अशी एकेक शिफ्ट वेगळी काढतो, मोजतो आणि शेवटी शेरा लिहितो. सात वर्षं हे सगळं मी एकट्याने केलं. मग ती आली.

इथेच अमेरिकेत, श्रूजबरी गावात वाढलेली, आईवडील मूळचे पुण्याचे, वय सव्वीस, कॉलेजच्या संघातून हॉकी खेळलेली. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हणाली, "ओह, तुम्ही मराठी आहात? मी तुम्हाला काका म्हणू?" म्हण बाई. बाकीच्यांनी अर्थ विचारला, तिने सांगितला, आणि दुसऱ्या दिवसापासून अख्खं ऑफिस मला अंकल म्हणायला लागलं. सात वर्षं मी त्यांचा सहकारी होतो.

आमच्या प्रमुखाने सात वर्षांत मला "आकडे पाठव" यापलीकडे फारसं काही विचारलं नव्हतं. तिला मात्र तो दुसऱ्याच आठवड्यात बर्फावर घेऊन गेला. दुपारी दोघं गाल लाल करून, हसत परत यायची, आणि कुठलं पोर बर्फावर कसं वळतं यावर उभ्या उभ्या बोलत राहायची. मी डबा उघडून ऐकत बसायचो. मी बनवलेले तक्ते ती वापरायची आणि वर म्हणायची, "काका, हे अमेझिंग आहे!" आयत्या बिळावर नागोबा, मी मनात म्हणायचो. नाचता येईना अंगण वाकडं, हेही मला ठाऊक होतं. पण ठाऊक असल्याने जळफळाट कमी होत नाही. त्यात ती हुशार होती. ढ असती तर मी तिला मुलीसारखं वागवलं असतं.

बायकोने तिला जेवायला बोलावलं. तिने वांग्याचं भरीत तीनदा वाढून घेतलं, नको नको म्हणताना भांडी घासली, आणि जाताना वाकून नमस्कार केला.

"किती लाघवी पोर आहे!" बायको म्हणाली. "तुम्ही का असे तोंड पाडून बसला होता?"

"दाढ दुखतेय," मी म्हणालो.

त्या वसंतात एका स्लोव्हाक पोराची मुदत संपत आली होती. अंगाने सडपातळ, कडेने धावणारा. जानेवारीपर्यंत तो वाऱ्यासारखा खेळला आणि मग एकाएकी मंदावला. हे माझेच आकडे सांगत होते. तिचं मात्र मन मानेना. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "काका, तो स्लो नाहीये. समथिंग इज ऑफ. त्याचा स्ट्राइड बघा ना, पाय कसा टाकतोय. मला फील होतंय, पण प्रूव्ह नाही करता येत."

मला करता येत होतं.

हॉकी बघताना सगळ्यांची नजर त्या काळ्या चकतीवर असते. माझी असते बाकाजवळ, कारण शिफ्ट नेमकी कधी सुरू होते हे मला टिपायचं असतं. बाकापुढे कमरेएवढा कठडा असतो आणि त्याला एक छोटं दार असतं. तरणी पोरं बर्फावर जाताना दाराकडे बघतही नाहीत, कठड्यावरून सरळ उडी मारतात. हा स्लोव्हाकही मारायचा. जानेवारीतल्या एका सामन्यात त्याच्या घोट्यावर जोराचा फटका बसला. तो उठला, खेळला, सामना संपवला. पुढच्या सामन्यापासून तो दारातून उतरायला लागला. सलग अकरा सामने, प्रत्येक शिफ्टला. पोरगं दुखणं लपवत होतं. कराराच्या वर्षात कोण सांगेल?

तिने हे बोलून दाखवायच्या आधीच, एका मंगळवारी सकाळी चहा पिता पिता हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि काय आनंद झाला सांगू! अहवालात मी एक अक्षर लिहिलं नाही. बैठकीत सांगू म्हटलं, प्रमुखासमोर, तिच्यासमोर. कळू दे एकदा.

आमच्या बैठकीची एक पद्धत आहे. सर्वांत नवा माणूस आधी बोलतो आणि सर्वांत जुना शेवटी, म्हणजे नव्याने जुन्याची री ओढू नये. त्या दिवशी चौघं होतो: प्रमुख, स्क्रीनवर आमचा युरोपातला निरीक्षक, ती आणि मी. ती पोरासाठी जीव तोडून भांडली. निरीक्षक म्हणाला, पोराचं खेळात मन राहिलं नाही, सोडून द्या. प्रमुख तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "तुझ्या नजरेवर माझा विश्वास आहे. काहीतरी ठोस आधार दे, मी आज सही करतो."

सात वर्षांत माझ्या नजरेबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी दाराची गोष्ट सांगितली तर ही पोरगी खरी ठरेल. शोध माझा आणि जीत तिची. माझी पाळी आली. तिने मोठ्या आशेने माझ्याकडे बघितलं.

"जानेवारीपासून वेग घसरलाय," मी म्हणालो. "कारण दिसत नाही."

आणि मूग गिळून बसलो. मुदत संपली, हक्क सुटला.

उन्हाळ्यात दुसऱ्या एका संघाने त्या पोराला सरावाला बोलावलं. त्यांच्या डॉक्टरांनी पायाचा एक्स-रे काढला, जुनी चीर सापडली, उपचार झाले आणि करारही झाला. बातमी आली तेव्हा ती फोन हातात धरून माझ्या टेबलापाशी धावत आली.

"काका, फ्रॅक्चर होतं! ही प्लेड ऑन इट! आय न्यू इट, काका!" मग खुर्ची ओढून बसली. आवाज उतरला होता. "तुम्ही तर प्रत्येक शिफ्ट बघता ना. तुम्हाला काहीच दिसलं नव्हतं?"

"नाही," मी म्हणालो.

तिने माझ्या हातावर हात ठेवला. अगदी मायेने. "इट्स ओके, काका. डोन्ट फील बॅड. तुम्ही स्केट करत नाही, तुम्हाला कसं कळणार?"

मला लाज वाटायला हवी होती. आधी आला तो राग. अकराच्या अकरा सामने मला पाठ होते, कुठल्या शिफ्टला त्याने दाराला धरून पाय खाली टाकला तेसुद्धा. त्या अख्ख्या इमारतीत हे एकट्या मला दिसलं होतं. सांगायला मी तोंड उघडलं. ती वाट बघत होती, डोळ्यांत काळजी, माझी काळजी.

"खरं आहे गं," मी म्हणालो. "मला कसं कळणार."