झाडू न मारलेला मंगळवार

ओडेसा पेटिफोर्डचा स्वभाव मला कधी झेपला नाही, हे आधीच सांगून टाकते. सव्वीस वर्षं शेजार केला मी तिचा, कुंपणाला कुंपण लावून. सकाळी साडेसहाला तिचा खराटा सुरू. आधी स्वतःची पायरी, मग माझी, मग अख्खी हार्मन गल्ली. "व्हर्ना, पायरीवर कालचीच पानं आहेत गं! विकायला मांडलीस की काय?" असं भर रस्त्यातून ओरडायची, चार घरांना ऐकू जाईल असं.

आमच्या गल्लीच्या मंडळाची ती अध्यक्ष. अलाबामा-जॉर्जियातून आम्ही काळी माणसं ओहायोतल्या या शहरात आलो, तेव्हा नदीकडचा हा उतारच आमच्या वाट्याला आला. दुसरीकडे आम्हाला घर देतंय कोण? मंडळाचं काम एकच, गल्लीला नावं ठेवायला कुणाला जागा ठेवायची नाही. कुंपणांना चुना, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या, शनिवारी सगळ्यांनी मिळून रस्ता धुवायचा. स्वच्छ गल्लीची बक्षिसाची पाटी सलग चार वर्षं आमच्याकडे होती.

ड्रेनेजची लाइन मात्र वरच्या रस्त्यावर येऊन थांबलेली. आमचे संडास मागच्या अंगणात आणि तीन घरांत मिळून पाण्याचा एक नळ. अडतीस साली उतारावर टायफॉइड आला, त्यात ओडेसाची लेक रूबी गेली. सात वर्षांची होती. तेव्हापासून या बाईने महापालिकेचा पिच्छा पुरवला. अर्जावर अर्ज, खेट्यावर खेटे. "लाइन माझ्या दारात आल्याशिवाय मी मरायची नाही," म्हणायची.

एकोणपन्नास साली चिठ्ठी आली. आरोग्य खात्याची बाई मंगळवारी घरोघर पाहणीला येणार. ओडेसाने सगळ्यांना तिच्या स्वयंपाकघरात बोलावलं आणि म्हणाली, "मंगळवारी कुणी झाडू मारायचा नाही."

आम्ही हसलोच. ओडेसा आणि झाडू नाही?

"हसताय काय? अकरा वर्षं घासूनपुसून दाखवतोय, म्हणून त्यांना वाटतं यांचं छान चाललंय. डॉक्टरकडे कुणी पावडर लावून जातं का? जे आहे ते दाखवा. थोडं जास्तच दाखवा."

चर्चमधले म्हातारे डीकन टॉलिव्हर म्हणाले, "ओडेसा, परक्यासमोर घरची चादर उचलू नये."

"डीकन, तुमच्या चादरीखाली झाकण्यासारखं उरलंय काय?"

झालं! हसून हसून आमची पुरेवाट झाली, आणि ठराव पास.

पाहणीची बाई गोरी, कोवळी, फार अदबीची. मिस लिंडक्विस्ट. हातात छापील कार्डं, त्यात एकेका दोषासमोर आकडा लिहायचा. मी बहिणीकडच्या खाटा आणून मांडल्या होत्या. या खोलीत किती झोपतात, असं तिने विचारलं. होतो आम्ही पाच. मी तोंड भरून सांगितलं, "आठ." ओडेसाने तिला घरोघर फिरवलं, संडासाची फळी स्वतः उचलून दाखवली. फक्त एकदा, बाईचं लक्ष नाही असं बघून, रस्त्यातली केळ्याची साल तिने पायाने हळूच कडेला सारली. जित्याची खोड!

जाताना ओडेसाने विचारलं, "आमचा आकडा किती झाला?"

"एवढा मोठा आकडा या भागात दुसऱ्या कुठल्याच गल्लीचा नाही," बाई म्हणाली आणि मान खाली घालून कार्डं बांधू लागली.

सगळ्यात जास्त गरज म्हणजे सगळ्यात आधी लाइन, असा हिशेब आम्हीच केला. तिने काही सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी गल्लीत मासे तळले, डीकनसुद्धा नाचले. आठवलं की अजून अंगाची लाही होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

पुढच्या वसंतात महापालिकेच्या सभागृहात नकाशा लागला. आमचा उतार त्यावर लाल. सगळी घरं पाडायची. एक साहेब छडी घेऊन वाचत होता, "हार्मन गल्ली, एका खोलीत आठ माणसं..." माझीच आठ माणसं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

ओडेसा उठली. "साहेब, ते आठ खोटं आहे. मीच सांगायला लावलं. कुठल्याही दुसऱ्या दिवशी या, आमची गल्ली बघा."

"पण संडास अंगणात आहेत ना, बाई?"

"आहेत. म्हणून तर लाइन मागतेय."

"दुरुस्तीपलीकडच्या घरांना लाइन देता येत नाही."

"लाइन नाही म्हणून घरं दुरुस्तीपलीकडची, आणि घरं दुरुस्तीपलीकडची म्हणून लाइन नाही? मग आम्ही करायचं काय, साहेब?"

त्याने रागही केला नाही. घड्याळ बघितलं आणि पुढच्या गल्लीचं नाव पुकारलं. मीच ओडेसाला हाताला धरून खाली बसवलं.

घरं गेली. शहराच्या दुसऱ्या टोकाला आम्हाला माडीवरच्या खोल्या मिळाल्या. तिथे माझ्या एका खोलीत आता खरोखरच आठ माणसं झोपतात.

दोन वर्षांनी आम्ही दोघी बसने नदीकडून चाललो होतो. उतारावर चर खणलेला दिसला. ओडेसा एकदम उतरली, मी तिच्या मागे धावले. मोकळं रान सगळं, गवत कमरेएवढं. चरात ड्रेनेजच्या जाडजूड नळ्या उतरवत होते.

"ही कुठवर जाणार रे?" तिने एका कामगाराला विचारलं.

"थेट नदीपर्यंत. मागे व्हा, आंटी."

ती पावलं मोजत गेली. गवतात तिची दगडी पायरी अजून होती, घर नसलेली. पायरीपासून चर दोन हातांवर.

"आली बघ, व्हर्ना. दारात आली," ती म्हणाली. "आता मी मरायला मोकळी."

"गप्प बस!" मी ओरडले. मग मला राहवलं नाही. "ओडेसा, मी आठ म्हटलं नसतं तर?"

"मीच सांगितलं होतं ना तुला," ती म्हणाली, आणि वाकून पायरीवरची पानं हाताने गोळा करू लागली. मीही तिच्याबरोबर बसले आणि पानं वेचायला लागले.